घाणा परतला, करडई मागे राहिली

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात नोकरीतून निवृत्त झाल्यावर किंवा मुले मार्गी लागल्यावर नैसर्गिक खाद्यपदार्थांच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या पिढीचे आयुष्य एखाद्या वस्तूच्या आधाराने वाचायचे झाले, तर त्यासाठी करडईच्या तेलाइतकी चांगली वस्तू सापडणार नाही. कारण या तेलाचे गावातून उठून जाणे आणि बाटलीत भरून परत येणे, या दोन्ही गोष्टी याच पिढीच्या डोळ्यांदेखत घडल्या आहेत.

१९६०च्या आगेमागे जन्मलेल्यांच्या बालपणी करडई, म्हणजे वऱ्हाडी बोलीतली करडी, हे रब्बी ज्वारीच्या सोबतीने येणारे पीक होते. झाड काटेरी असल्याने ती शेताच्या कडेने पेरली की गुरे आत शिरायला धजत नसत, कोवळ्या पानांची भाजी होत असे आणि बी घाण्यावर जात असे. घाणा म्हणजे लाकडी उखळ आणि तिच्यात फिरणारी जड लाट; बैल गोल फिरू लागला की बी चिरडले जाऊन तेल सुटे आणि मागे उरणारी पेंड, जिला इकडे ढेप म्हणतात, ती गुरांपुढे पडे. ताजे तेल गढूळ असे. ते काही दिवस न हलवता ठेवून, गाळ तळाशी बसल्यावर वरचे निवळ तेवढे काढून घेत. भाकरीवर ठेचा आणि त्यावर या तेलाची कच्ची धार, हे जेवण ज्यांनी रोजचे म्हणून जेवले, त्यांना तेल खरे की भेसळीचे हे नाकाशी नेताच कळते. उतारवयात धंदा मांडणाऱ्याजवळ तरुणांपेक्षा जास्त असलेले भांडवल बहुधा एवढेच असते, आणि ते कमी नव्हे. दौंड तालुक्यातील खुटबावच्या कमल परदेशी यांनी शेतमजुरी करीत असताना, चाळिशीच्या उंबरठ्यावर, बचत गटातल्या बायकांना घेऊन ‘अंबिका मसाले’ उभे केले, तेव्हा त्यांच्याजवळ शाळेचे शिक्षण नव्हते. हाताला ठाऊक असलेला मसाला होता.

घाणा मोडला तो एका फटक्यात नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या छत्राखाली झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा करून तो टिकवण्याची खटपट केली होती. पण पुढे आलेल्या द्रावक निष्कर्षणापुढे, म्हणजे हेक्झेनसारख्या द्रावकात बियातले जवळजवळ सगळे तेल विरघळवून काढण्याच्या पद्धतीपुढे, ढेपेत तेल मागे ठेवणारा घाणा महागच ठरणार होता. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली आणि त्याच वर्षी खाद्यतेल पॅकबंद स्वरूपातच विकण्याचा आदेश निघाला. आदेश रास्तच होता, परंतु घरून भांडे नेऊन तेल आणण्याच्या व्यवहाराला कायद्यात जागा उरली नाही. दरम्यान शहरात करडईच्या तेलाची कीर्ती हृदयाला हितकारक म्हणून झाली होती, तीही रिफाइंड तेलाच्या डब्यावरून, हा त्यातला विनोद.

आता घाणा परतला आहे. बैलाच्या जागी विजेची मोटर आली असली तरी लाट मुद्दाम सावकाश फिरवली जाते, म्हणजे तेल फारसे तापत नाही आणि बियाचा वास टिकतो. केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद केली गेली. मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. गिऱ्हाईक दूरचे असले तरी रस्ता जवळ आला आहे. बाटलीवर ‘नैसर्गिक’ छापण्यालाही नियम आहे: २०१८च्या विनियमांनुसार एकाच पदार्थाचा, वरून काही न घातलेला आणि खाण्याजोगा होण्यापुरतीच प्रक्रिया झालेला माल तेवढाच नैसर्गिक म्हणवून घेऊ शकतो. घाण्याचे तेल या कसोटीला सहज उतरते.

अडचण यंत्रात नाही, भांडवलातही फारशी नाही. ती शेतात आहे. सोयाबीन आणि त्यामागून हरभरा, या जोडीने करडईची जमीन घेतली, आणि शेतकऱ्याला त्याचा दोष देता येणार नाही. काटे टोचू नयेत म्हणून हातापायांना फडकी गुंडाळून, पहाटेच्या दंवाने काटे नरमलेले असताना करडई कापावी लागते, तशा कामाला मजूर मिळत नाही, आणि मावा पडला तर उत्पन्न आणखी घटते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हा बिनकाट्यांचा वाण दिला, तरी केवळ काटे गेले म्हणून पीक परतत नाही. त्याला भाव लागतो. एक किलो तेलाला साडेतीन-चार किलो बी लागत असल्याने हा भाव थेट बाटलीच्या किमतीत उतरतो, आणि म्हणून परिसरातच नव्याने उभा राहिलेला घाणेवाला करडई मराठवाड्यातून आणतो, किंवा शेंगदाणा गाळून दिवस काढतो. बाटलीवर गावाचे नाव असते. बी मात्र परजिल्ह्यातले.

यातून निघणारी वाट घाण्याच्या आधी शेतातून जाते. करडईची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये; तेव्हा दिवाळीला मोटर बसवून लगेच गावच्या करडईचे तेल विकता येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्यांशी पेरणीपूर्वीच भाव ठरवून, बियाणे हाती देऊन, काढणीच्या मजुरीचा वाटा उचलून पहिला हंगाम पार पाडावा लागतो, आणि सेंद्रिय प्रमाणपत्र हवे असेल तर हंगामी पिकासाठी रूपांतराची दोन वर्षे आणखी धरावी लागतात. साठीला टेकलेल्या माणसाने कर्ज मागितले की बँक त्याचे वय मोजते. शेतकरी मोजतो ते काढणीनंतर पैसे किती दिवसांत हातात पडले ते.