पूर्व जर्मनीचा पॅकमॅन

बर्लिनच्या कार्ल-मार्क्स-आले रस्त्यावरच्या कॉम्प्युटर गेम्सच्या संग्रहालयात आज जीव रमला तो पॉलीप्लेपाशी. १९८० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या सरकारी कारखान्यात बनलेलं हे यंत्र. त्यातला एक खेळ म्हणजे चक्क पॅकमॅन! फक्त पात्रं ससा-लांडग्याची, सोव्हिएत कार्टूनमधून उचललेली. भांडवलशाहीच्या नावानं बोटं मोडायची आणि खेळ मात्र तिचाच खेळायचा. मला हा दुटप्पीपणा फार लोभस वाटला.

पेनस्टेशनकडे मात्र मी फिरकलेच नाही. तो म्हणजे पाँग या जुन्या व्हिडिओ गेमचा २००१ मधला अवतार. चेंडू हुकला की हाताला चटका, शॉक किंवा फटका. हात आधी उचलेल तो हरला. दोन मैत्रिणी खेळत होत्या. एकीचा हात लालबुंद झालेला, तरी बया हटेना. हौस म्हणायची की खुमखुमी, कोण जाणे.