काटकसरी जोडी

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही जोडी बसलेली असते. एकेकाचं वजन 150 ग्रॅमच्या आसपास, आकार मुठीएवढा. मूत्रपिंडांचा स्वभाव मुळातच काटकसरी, पण कॅल्शियमच्या बाबतीत ती काटकसर बघत राहावी अशी.

दिवसभरात सुमारे 10 ग्रॅम कॅल्शियम त्यांच्या गाळणीतून उतरतं. लघवीवाटे जातं ते जेमतेम 100 ते 300 मिलिग्रॅम. बाकीचं सगळं वेचून रक्तात परत! पहिल्या वळणदार नळीत जवळपास दोन तृतीयांश कॅल्शियम सोडियम आणि पाण्याच्या मागोमाग आपसूक परततं. पुढे हेन्लेच्या वेटोळ्याच्या जाड भागात आणखी पाव हिस्सा उचलला जातो. तिथल्या पेशींना रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचं कळतं, आणि त्या लगेच हात आखडता घेतात. उरलेल्या थोडक्याचा निवाडा त्यापुढच्या नळीत होतो. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की गळ्यातल्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि ही नळी कण न् कण राखू लागते. ड जीवनसत्त्वही तिला हातभार लावतं.

एवढ्या चोख कारभाराला मीठ मात्र भारी पडतं. ते जास्त झालं की सोडियम बाहेर टाकावंच लागतं, आणि त्याच्या मागे चालणारं कॅल्शियमही त्याच्याबरोबर निघून जातं. रोज 6 ग्रॅम मीठ जादा खाल्लं, तर साधारण 40 मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. मांसाहाराचा अतिरेक झाला की शरीरात आम्ल वाढतं, त्यानेही हेच होतं. औषधांचंही तसंच: फ्युरोसेमाइडने कॅल्शियम जास्त जातं, थायझाइड गटातल्या गोळ्यांनी ते थोपतं. म्हणूनच लघवीत कॅल्शियम जास्त असून मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, तेव्हा डॉक्टर या गोळ्या देतात.

आपल्याकडे मुतखडा म्हटलं की आधी दूध बंद होतं. हे चुकीचं आहे. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ते तोडलं तर ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं आणि खड्याचा धोका उलट वाढतो. तेव्हा जेवणातलं दूध-दही राहू द्या, पाणी भरपूर प्या, आणि हात आवरायचाच असेल तर लोणचं, पापड आणि पानात वरून वाढून घेतलेल्या मिठावर आवरा.