एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे सुखाने नांदू शकतात, हे आपल्या जुन्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. पाण्याची वेळ, अंगणाचा वाटा आणि दाराची कडी यांविषयी एकदा ठरले की तंट्याला कारण उरत नसे. हाच व्यवहार लॅपटॉपसारख्या यंत्रालाही लागू पडतो, याचा प्रत्यय मला जयपुरात आला.

आमच्या घरचा लॅपटॉप मामंजींचा. महाराष्ट्र सोडून राजस्थानात स्थिरावलेल्या आमच्या कुटुंबाचा वृत्तान्त त्यांनी उतारवयात त्यावर मराठीत लिहून ठेवला. मात्र तो ज्या जुन्या फाँटात आहे, त्यातील प्रत्येक अक्षराचा संकेत त्या फाँटपुरता खासगी आहे. फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. ते लेखन नीट उघडणारा प्रोग्रॅम त्याच यंत्रातील विंडोज १० वर चालतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर या वृद्ध यंत्रापाशी नाही. यंत्र भंगारात द्यावे, असा सल्ला अनेकांनी दिला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "त्यांनी लिहिलेले वाचता येणार असेल, तरच त्याला हात लावा."

अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या म्हणाला, "काकू, जुने मोडायचे कशाला? शेजारी नवे वसवू." लॅपटॉपमधील डीव्हीडीचा कप्पा कित्येक वर्षे रिकामपणीच बसून होता. तो काढून त्या जागी एका चौकटीत दुसरी ड्राइव्ह बसवता येते. पहिलीवर विंडोज जसेच्या तसे राहील, दुसरीवर लिनक्स येईल. फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्स १९९१ साली जगापुढे ठेवले. जगातील लिप्यांना एक समान संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही, देवनागरीसह, त्याच वर्षी निघाली. आम्ही डेबियन निवडले. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही त्याच पायावर उभी आहे.

प्रथम सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती उघडते की नाही, हे पाहिले. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद केले. कारण ते चालू असता विंडोज पुरते न निजता अर्धवट झोपते आणि तशा ड्राइव्हला बाहेरून हात लावणे धोक्याचे असते. नंतर पहिली ड्राइव्ह चक्क काढून बाजूला ठेवली. यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम नव्या प्रणालीने चुकून जुन्या ड्राइव्हवर लिहू नये, यासाठी याहून खात्रीचा उपाय नाही. पेन ड्राइव्हवरून डेबियन दुसऱ्या ड्राइव्हवर बसवले, पहिली पुन्हा जागच्या जागी लावली. आता यंत्र सुरू होताना एक कळ दाबून कोणत्या बिऱ्हाडात जायचे ते ठरवता येते.

तरी एक कुरबूर निघालीच. लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे! विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवते. बसवताना विंडोजची ड्राइव्ह बाहेर असल्यामुळे लिनक्सला शेजाऱ्याची रीत कळलीच नव्हती. यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे आहे, असे लिनक्सला एका आज्ञेने सांगताच कुरबूर मिटली.

या शहराला दोन वेळांचा सहवास नवा नाही. सवाई जयसिंहांनी १७२७ साली जयपूर वसवले. येथील जंतरमंतरातील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र अजूनही जयपूरची सौरवेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळेहून ती सरासरी सुमारे २७ मिनिटे मागे असते. दोन्ही वेळा खऱ्याच. फक्त अंतर ठाऊक हवे. जयसिंहांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांनी अरबी शिकून टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. विद्या एका व्यवस्थेतून दुसरीत नेण्याचे ते काम किती चिकाटीचे असेल, याची अंधुक कल्पना मला आता येते.

कारण आमचे खरे काम यानंतर सुरू झाले. विंडोजला इंटरनेटपासून दूर ठेवले आहे. तेथे मामंजींचे एकेक प्रकरण उघडायचे, युनिकोडमध्ये बदलायचे, मुळाशी ताडून पाहायचे. रफार हमखास जागा सोडतो, जोडाक्षरे फुटतात. तेव्हा प्रत्येक ओळ वाचावीच लागते. शुद्ध झालेली प्रत मग नव्या ड्राइव्हवर जाते. पहिले प्रकरण मोठ्या अक्षरांत छापून सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते सावकाश वाचले आणि दोन नावे दुरुस्त केली. "हे त्यांना कधी नीट आठवत नसे," त्या म्हणाल्या.

नवे घरात येते तेव्हा जुन्याला दाराबाहेर काढण्याची घाई आपल्याला फार असते. वास्तविक जुन्याने आपले गाठोडे नव्याच्या हाती सोपवीपर्यंत त्याला थारा देणे, हे घराचे कर्तव्य होय. त्यासाठी लागते ती एक रिकामी जागा आणि थोडा धीर.