हसू कोणाचे?

आमचे बिऱ्हाड खारदांड्यास. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री, मुलांच्या आग्रहावरून, आम्ही जवळच एका विनोदवीराचा कार्यक्रम ऐकावयास गेलो. नेपथ्य म्हणाल तर एक मायक्रोफोन, एक उंच स्टूल आणि पाण्याची बाटली! त्या तरुणाने लोकलमधील चौथी सीट, घरमालकाने घेतलेली भाडेकरूची उलटतपासणी, आईने गादीखाली जपलेल्या पिशव्या असे रोजचेच विषय काढले आणि आम्हांस पोट धरून हसविले.

मग स्वारी दांड्याकडे वळली. रिक्षा कोळीवाड्यात शिरताच नाक कसे दाबावे याचा अभिनय झाला. मासे विकणाऱ्या बाईच्या हेलाची नक्कल झाली. सभागृह दणाणले. आम्हीही हसलो. हसता हसता मान वळली, तो पलीकडच्या खुर्चीवर आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींची कॉलेजात शिकणारी नात! तीही हसत होती. आम्हांस हसताना पाहिले मात्र, आणि तिचे हसू मावळले.

घरी परतताना मनास चुटपुट लागली. असल्या विषयांवर हसूच नये काय? पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, तीत त्रिलोकेकर, मंगेशराव, आचार्य बर्वे यांच्या लकबींची नक्कल होतीच. परंतु सांगणारा चाळीच्या आत उभा राहून सांगे. चाळीच्या फजितीत त्याचाही वाटा असे. आमचा तरुण रिक्षात बसून नाक दाबीत होता, आणि आम्ही खुशाल त्याच्या शेजारी जाऊन बसलो होतो! वास्तविक खार रोड स्थानक झाले १९२४ साली. कोळ्यांची वस्ती त्याच्या कितीतरी आधीची. मासळीचा वास आमच्या दारी आला नाही. आम्हीच त्याच्या दारी बिऱ्हाड थाटले.

रविवारी बाजार टाळावा असे वाटले, तरी गेलो. नातीने हकीकत सांगितली असावी. मावशींनी एक पापलेट दोन बोटांच्या चिमटीत धरले, श्वास रोखून, मान मागे ताणून त्याचे कल्ले तपासले, आणि अतिशय नाजूक सुरात विचारले, "ताजं आहे ना हो?" ओळीतल्या साऱ्या बायका खदखदून हसल्या. ती हुबेहूब आमची नक्कल होती!

"काल तिकीट काढलंत ना साहेब? हे फुकट," मावशी म्हणाल्या.

आम्हीही हसलो, आणि त्या दिवशी भाव मात्र केला नाही.