हवेची बाटली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. २०२४ च्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत आम्ही दोघे ओहायोला लेकाकडे होतो. तिथली ही गोष्ट.

नातू चौदा वर्षांचा. त्याला पेंटबॉलचं वेड लागलं आहे. रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या, ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. त्या हत्याराला बंदूक म्हटलेलं त्याला खपत नाही, मार्कर म्हणायचं. (जंगलातल्या झाडांवर खुणा करायला ते निघालं, म्हणून मार्कर. हे मात्र पटलं.) मार्कर वाढदिवसाला मिळाला होता, आता त्याला हवेची बाटली हवी होती.

दोन प्रकार असतात. एकात कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्यात साधी हवाच, पण प्रचंड दाबाने भरलेली. पहिला प्रकार स्वस्त. पण त्यात वायू द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना बाटली गार पडते, गार पडली की दाब उतरतो. थंडीत किंवा भराभर गोळ्या मारल्या की नेम बिघडतो. ओहायोतल्या ऑक्टोबरात ते कसलं चालतंय! दाबाच्या हवेला रेग्युलेटर असतो, तो ३००० काय नि ४५०० काय, साधारण ८०० पीएसआयवर आणून सोडतो. आपला कुकर १५ ला शिट्टी मारतो, यावरून काय ते समजा. मी ऐकूनच गार झालो.

तर हवेची, हे ठरलं. पण कुठली? दुकानात ४८ घनइंचांची, ३००० ची ॲल्युमिनियमची होती. नातवाला ६८ ची, ४५०० ची कार्बन फायबरची हवी होती. मी पाढे म्हटले. ४८ गुणिले ३००० म्हणजे १,४४,०००, आणि ६८ गुणिले ४५०० म्हणजे ३,०६,०००. दुपटीच्या वर हवा. "बघ आबा!" तो म्हणाला. पण मैदानावरचा पंप ३००० पर्यंतच भरत असेल तर? मग २,०४,०००. फोन करून विचारलं. तिथे ३००० च.

तरी तो ऐकेना, कारण मित्राचा मोठा भाऊ त्याची जुनी ६८ ची निम्म्याहून कमी किमतीत द्यायला तयार होता. एका संध्याकाळी ती घरी आली. लेक आणि सूनबाई कामावर. मी चष्मा लावून बाटली हातात घेतली. उभ्या जन्मात वह्या तपासल्या, तेव्हा बारीक अक्षर वाचायची सवय. लेबलवर महिना होता, साल २०१८. अमेरिकेत अशा बाटल्यांची दर ५ वर्षांनी चाचणी लागते, आणि या कार्बनच्या बाटल्यांचं आयुष्यच बहुधा १५ वर्षांचं. चाचणीत बाटली पाण्याने भरून दाब कामाच्या दीडपटीहून जास्त, ७५०० पर्यंत नेतात. पाणीच का, तर पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी हवेसारखा स्फोट होत नाही. २०१८ नंतर चाचणीचा दुसरा शिक्का नव्हताच. शिवाय बुडाशी एका ठिकाणी बोटाला धागे लागले, तंतू कापले गेलेले.

मी नाही म्हटलं. त्याने दार आपटलं. "आबा, तुला यातलं काही कळत नाही." खरंच आहे, मी मराठी नि इतिहासाचा मास्तर.

दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. गावच्या जत्रेत फुगेवाल्याची टाकी फुटली तेव्हा तो शेजारीच उभा होता. सातवीत होता. त्याचा डावा कान गेला. पुढे तीन वर्षं मी त्याला पहिल्या बाकावर उजवा कान माझ्याकडे येईल असा बसवत असे. आणि त्या टाकीत ४५०० च्या पासंगालाही पुरेल इतका दाब नव्हता. त्या फुगेवाल्याचं काय झालं, हे नातवाने विचारलं. मी सांगितलं.

त्याने काही उत्तर दिलं नाही. बाटली मात्र परत गेली.

शनिवारी आम्ही ४८ ची नवी आणली. दुकानात त्याने आधी ती उलटीसुलटी करून साल शोधलं, मग माझ्यापुढे धरली. "आबा, वाच." माझ्या पेन्शनीतून घेऊ म्हटलं, पण डॉलरचा भाव बघता लेकानेच पैसे दिले :-)

पहिल्या खेळात तो पाचव्या मिनिटाला बाद झाला. कपाळभर निळा रंग. मास्क होता म्हणून बरं.