येळवस आणि तुंबलेली मोरी

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून कळायचे नाही. त्या दिवशी गावात शुकशुकाट असतो आणि सगळी गर्दी रानात. रेणापूरची बाजारपेठसुद्धा त्या दिवशी सुट्टीवर असल्यासारखी दिसते. आदल्या रात्री घरोघरी बाया जागतात. बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याच्या पोळ्या... माणसे घरची आठ असली तरी स्वैपाक तीस जणांचा, कारण रानात वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचे असते.

हा सगळा थाट दुपारी संपतो. मग संध्याकाळी भांडी घरी येतात. पातेल्याच्या बुडाशी वाळलेली भज्जी, आंबिलीचा मडक्यातला गाळ, तेलकट कढया. तीन वर्षांपूर्वीच्या येळवशीला हे सगळे आमच्या मोरीत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीने ते परत केले.

तसे काही दिवस आधीपासून पाणी हळू जात होते. जाळीपाशी गुडगुड आवाज यायचा, वास यायचा. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, मोरीकडं बघ जरा." मी हो हो म्हटले. सकाळी दोन तास शाळेवर शिकवायला जाते, त्यामुळे 'वेळच मिळत नाही' हे माझे नेहमीचे ठरलेले वाक्य असते. वेळ नव्हता असे नाही, मोरीसाठी नव्हता.

तुंबल्यावर मी घरातले सगळे उपाय केले. उकळते पाणी ओतले, सोडा टाकून लिंबू पिळले. फेस छान आला, पाणी मात्र हलले नाही. आमच्या ह्यांनी तार घातली, ती वाकून वर आली. मग बाजारातून मोरी मोकळी करायच्या पावडरीची पुडी आणली. पाकिटावर बारीक अक्षरात काय काय लिहिले होते. एवढी बी. ए. झालेली मी, पण ते वाचले नाही. रात्री दहा वाजता अर्धी पुडी तुंबलेल्या पाण्यातच ओतली आणि झोपले.

सकाळी साडेसहाला भांडेवाल्या मावशी आल्या. मी आत मुलाचा डबा भरत होते. पाणी साचलेले बघून मावशींनी बांगड्या मागे सारल्या आणि जाळी काढून सरळ हात घातला. वर्षानुवर्षे त्या तेच करत आल्या होत्या. क्षणभराने त्यांचा आवाज आला, "बाई, हात बुळबुळीत लागायलाय की हो... आन आग व्हायलीय."

ती बुळबुळ कशाची ते मला पुढे कळले. अशा बहुतेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. चरबीशी त्याचा संयोग झाला की साबण होतो, म्हणूनच तो पाइपातला मेणचट थर कापतो. पण आपल्या कातडीतही चरबीच असते. आणि पाणी तुंबलेले असले तर पावडर पुढे जातच नाही, तळाशी ढेकूळ होऊन बसून राहते.

सासूबाई धावत आल्या, "लिंबू लाव, लिंबू!" म्हणाल्या. मला काही सुचेना. नळ आठ दिवसांनी येणार होता, घरात पिण्याच्या पाण्याचे एकच पिंप भरलेले होते. तेवढी एक गोष्ट मात्र मी बरोबर केली. मावशींच्या बांगड्या उतरवल्या आणि पिंपातले पाणी तांब्या-तांब्याने त्यांच्या हातावर ओतत राहिले. मावशीच मला म्हणत होत्या, "बास करा बाई, प्यायचं पाणी हाय ते." डॉक्टरांनी नंतर सांगितले, की लिंबू, हळद, तेल काही न लावता वीस मिनिटे नुसते वाहते पाणी सोडत राहायचे, तोच पहिला उपचार. तरीही बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर फोड आले. अकरा दिवस त्यांना पाण्यात हात घालता आला नाही.

मी दवाखान्याचे पैसे दिले, अकरा दिवसांचा पगारही कापला नाही, आणि मनातून स्वतःवर खूश झाले. सासूबाईंनी मला एकच विचारले, "आन बाकीच्या तीन घरचं काय?" त्या घरांनी खाडे धरले होते. मावशींनी ते मला सांगितलेसुद्धा नव्हते. तेही पैसे मी दिले, पण ते माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

मोरीचे काम राहिलेच होते. नळकाम करणारा मुलगा आला तेव्हा त्याला दारातच आधी पावडरीचे सांगितले. त्याने रबरी हातमोजे घातले, घागरभर पाणी ओतले, मग बाहेरच्या बाजूने पाइप उघडला. अडीच इंची पाइप, पण आत पाणी जायला जेमतेम करंगळीएवढी वाट. बाकी सगळे पिवळट, मेणबत्तीसारखे घट्ट. मला नवल वाटले. आम्ही डालडा वापरत नाही, तूप बेताचेच. घरात सोयाबीनचे तेल. ते तर थंडीतही थिजत नाही. मग हा दगड कसला?

याचे उत्तर मी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून घेतले. तेल एकटे जात नाही, बेसन आणि पिठाला धरून पाइपाला चिकटते. तिथे पडून ते आंबते, त्यातून आम्ले सुटतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यातला चुना त्या आम्लांना भेटला, की पाण्यात न विरघळणारा एक चिवट साबण तयार होतो. त्याच्यावर पुन्हा तेल, पुन्हा पीठ, चहाचा चोथा, भाताची शिते. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात असाच एक गोळा सापडला होता, सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा! ऐकून मला जरा धीर आला, की गबाळ्या आपणच नाही.

उकळते पाणी ओतण्याचा उपायही फसवा निघाला. त्याने हातभर अंतरावरची चरबी वितळते, आणि पुढे थंड पाइपात जाऊन पुन्हा बसते. डोळ्यांआड झाली एवढेच. त्यात आपल्याकडे पाण्याची टंचाई. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले ते सगळ्यांनाच आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले होते. तेव्हापासून आम्ही सगळ्याजणी भांडी दोन बादल्यांत आटोपायला शिकलो. ते योग्यच आहे, पण मोरीत पाणी कमी गेले की घाण पुढे ढकलली जात नाही. आमच्या पाइपाला गवंड्याने ढाळही पुरता दिला नव्हता. वीस फुटांना निदान सहा इंच उतार हवा, असे त्या मुलाने सांगितले. घर बांधताना आम्ही फरशीच्या रंगावरून चार दिवस भांडलो, ढाळाबद्दल कुणी विचारले नाही.

त्यानंतर घरात जे बदलले ते फार मोठे नाही. तेलकट भांडे पाण्याखाली जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने किंवा चिमूटभर राखेने पुसून घ्यायचे आणि ती पुसलेली राख मोरीत नाही, कचऱ्यात टाकायची. राखेत क्षार असतो, तो तेल ओढून घेतो. पूर्वीच्या बायका उगाच राखेने भांडी घाशीत नव्हत्या. आंबिलीचा आणि ताकाचा गाळ झाडाच्या आळ्यात. तळणीचे उरलेले तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवायचे, काळे पडलेले असेल तर रद्दी कागदात टिपून चुलीला पेटवणाला. कडू झालेल्या तेलात पुन्हा पुन्हा तळणे तसेही बरे नव्हे. त्याची मर्यादा सरकारने 2018 पासून हॉटेलांना घालून दिली आहे, घरात ती आपणच घालायची. जाळी बारीक भोकांची आणली, पन्नास रुपयांची. पाणी हळू जायला लागले की त्याच दिवशी रबरी पंप. पावडर घरात नाही. आणि कुणी वापरलीच, तर तिच्यावर ॲसिड कधीही ओतू नये, भडका उडाल्यासारखे उसळते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ती कालवूही नये.

दुसरे काम ह्यांनी अंगावर घेतले. माझे माहेर नांदेडकडचे. तिकडे हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाण्याच्या नाल्याच बंद केल्या आणि डास घालवले, पुढे जिल्ह्यात बऱ्याच गावांनी ते उचलले. माझ्या भावाने खड्डा कसा करायचा ते दाखवले. साधारण चार फूट लांब-रुंद खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोके, भोवती मोठे दगड, मग लहान. घाण टाकीत बसते आणि पाणी भोकांतून जमिनीत मुरते. आमच्याकडे वर काळी माती, ती फुगून पाणी धरून ठेवते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे लागले. बोअरपासून जागा लांब धरली. पण भावाने बजावले होते, "ताई, तेल गेलं की खड्डा मेला." चरबी दगडांवर बसली की पाणी मुरायची वाटच बंद. म्हणून मोरी आणि खड्ड्याच्या मध्ये एक लहान चेंबर केले. त्यातून पाणी बाहेर जाते ते खालच्या अंगाने. तेल हलके, ते वर तरंगत राहते. दर पंधरा दिवसांनी जुन्या डावाने ती साय काढायची. पहिल्यांदा काढली तेव्हा मला ओकारी आली. आता येत नाही. रविवारी हे काढतात, एक रविवार मी. मावशींनी काढायची नाही, हे ठरलेले आहे.

समोरच्या काकूंशी नालीच्या पाण्यावरून आमचा अबोला होता, तोही खड्ड्यामुळे सुटला. येळवशीला त्यांनी आम्हाला आंबिलीचा तांब्या पाठवला.

गेल्या येळवशीला मावशींनाही आम्ही रानात नेले. त्यांच्या मनगटावर अजून एक गुलाबी डाग आहे. परतल्यावर भांड्यांचा ढीग पडला, मी कागद घेऊन पुसायला बसले, सासूबाई राख घेऊन. मावशी मोरीपाशी गेल्या, जाळीला हात लावण्याआधी थांबल्या आणि रोज सकाळी विचारतात तेच त्यांनी तेव्हाही विचारले, "बाई, आत काय टाकलं नाही न्हवं?"

"नाही मावशी," मी म्हटले, आणि उठून आधी माझा हात घातला.