करता आणि करविता

मोक्षपटावर बसणाऱ्याला ठरवण्यासारखे काही नसते. कवड्या पडतील तितकी घरे पुढे जायचे, शिडी आली तर चढायचे, साप आला तर उतरायचे. सोंगट्यांच्या पटावर दान फाशांचे असले, तरी कोणती सोंगटी चालवायची हे खेळणारा ठरवतो, आणि रंगत तेथूनच येते. संगणकावरील मुक्त जगाच्या खेळांत माणूस तासन्‌तास का रमतो, याचे उत्तर बहुधा चित्रांच्या हुबेहूबपणात शोधले जाते. ते या दोन पटांमधील फरकात शोधणे अधिक युक्त ठरेल.

आपल्या आस्वादविचाराला हा प्रश्न अडचणीचा आहे. अभिनवगुप्तांनी रसविघ्ने सांगताना प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेले असणे हे एक विघ्न मानले आहे. खेळणारा मात्र स्वतः गुंततो, कृती करतो आणि त्याच कृतीचा आस्वादही घेतो. दुष्यंताने शकुंतलेला ओळखावे असे प्रेक्षकाला कितीही वाटले, तरी त्या वाटण्याने रंगभूमीवर काही घडत नाही. खेळात वाटणे आणि घडणे यांमध्ये एका बटणाचे अंतर असते.

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी वाहने तयार होतात. जोडणीची रांग कोणत्याही कारखान्यातील असो, तिच्यावर उभ्या असलेल्याला पुढचा नट कोणता, हे ठरवायचे नसते. असा एखादा तरुण शिफ्ट सुटल्यावर खोलीवर येऊन ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ (२००४) लावतो आणि नेमून दिलेली कामगिरी सोडून सायकलीवर डोंगराकडे निघतो. याला पलायन म्हणून समीक्षकाने मोकळे होऊ नये. पलायनाला चित्रपट पुरेसा असतो. येथे ओढ आहे ती आपण काही केले आणि जगाने त्याची दखल घेतली, या अनुभवाची. नायकाने जास्त खाल्ले की तो लठ्ठ होतो, व्यायाम केला की बळकट. सोडलेली कामगिरीही नकाशावर तशीच थांबून राहते. (रांग थांबत नाही.)

यावर आक्षेप असा, की सगळे पर्याय रचनाकारानेच लिहून ठेवलेले असतात. मग स्वातंत्र्य कुठले? ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ (२०१३) हा खेळ याच आक्षेपाभोवती रचलेला आहे. स्टॅन्ली हा सांगितलेली बटणे दाबणारा कचेरीतील नोकर. दोन उघड्या दारांपाशी निवेदक सांगतो, की तो डावीकडच्या दाराने गेला. खेळणाऱ्याला उजवीकडे वळता येते. मग निवेदक कथा सावरू पाहतो, चिडतो. ते चिडणेही आधीच ध्वनिमुद्रित केलेले आहे हे ठाऊक असूनही मौज उणावत नाही.

असे का व्हावे, याचा धागा व्याकरणात सापडतो. पाणिनीने कर्त्याची व्याख्या त्याच्या स्वातंत्र्यावरून केली आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या स्वतंत्राला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता म्हटले. प्रयोजक आल्याने पहिल्याचे कर्तेपण जात नाही. मराठी माणूस करता-करविता ही दोन्ही पदे मिळून देवाला देऊन टाकतो. या खेळांनी ती दोघांत वाटली आहेत. रचनाकार करवितो, खेळणारा करतो, आणि न करण्याचे ठरवले तरी त्या नकाराला उत्तर मिळते. निवेदक आणि वाचक या जोडीवर उभ्या असलेल्या कथनमीमांसेत या करणाऱ्याला कोठे बसवायचे, हा प्रश्न मात्र उरतो. त्याला वाचक म्हणावे, तर तो उजव्या दाराने केव्हाच आत गेलेला असतो.